जुन्या संगणकातील परकी ठेव

रिक्षात विसरलेली दागिन्यांची पिशवी चालकाने पोलीस ठाण्यात आणून दिली, अशी बातमी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचावयास मिळते. पोलीस अधिकारी चालकाचा सत्कार करतात, पिशवीची मालकीण पाणावलेल्या डोळ्यांनी आभार मानते आणि वाचणाऱ्यालाही बरे वाटते. त्या चालकाने काय करावयास हवे होते, याविषयी कोणाच्याही मनात शंका नसते. पिशवी परक्याची आहे, ती विसरून राहिली आहे, म्हणून ती परत गेली पाहिजे. एवढे लहान मुलालाही कळते.

आता पिशवीच्या जागी जुना संगणक ठेवून पाहावा.

डोंबिवलीतील एखादे मध्यमवर्गीय कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. मुलगी अकरावी वाणिज्य शाखेत आहे. टॅली शिकण्यासाठी तिला घरी संगणक हवा आहे. नवा घेणे आवाक्याबाहेरचे, म्हणून वडील स्टेशनजवळच्या दुकानातून एक वापरलेला संगणक घेऊन येतात. रात्री जेवणे आटोपल्यावर सारे घर त्याच्याभोवती जमते. संगणक सुरू होतो आणि पडद्यावर एका अनोळखी जोडप्याचे लग्नातील छायाचित्र उमटते. शेजारी फोल्डर दिसतात: ‘आईचे रिपोर्ट’, ‘आयकर’, ‘घराचे कर्ज’, ‘पासवर्ड’.

“ताई, उघड ना! बघू या तरी कोण आहेत,” धाकटा भाऊ म्हणतो.

“पैसे मोजून आणलाय. आता त्यातलं सगळं आपलंच,” वडील हसत म्हणतात.

माळ ओढीत बसलेली आजी मान वर करते. “अरे बाळा, जुनं कपाट विकत घेतलं आणि त्याच्या खणात कुणाचं मंगळसूत्र निघालं, तर तेही आपलंच का?”

हा प्रसंग कल्पित असला, तरी तो आज कोणत्याही घरात घडू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आल्या आणि ज्या घरांत पूर्वी संगणक नव्हता, त्यांनाही तो घ्यावा लागला. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला पाठबळ देणे थांबविले. नव्या प्रणालीला न चालणारे असंख्य संगणक त्यामुळे कार्यालयांतून, दवाखान्यांतून आणि घरांतून बाहेर पडू लागले. जुनी यंत्रे पुन्हा वापरात येणे स्वागतार्हच आहे. त्यात काटकसर आहे, कचरा कमी होतो आणि अपरिग्रहाच्या विचारालाही ते धरून आहे. मात्र यंत्राबरोबर आणखी काय हात बदलते, याचा विचार विकणारा करीत नाही आणि घेणाराही करीत नाही.

पुसले, तरी राहिले

“आम्ही सगळे डिलीट केले होते,” असे विकणारे बहुधा प्रामाणिकपणे सांगतात. त्यांचा गैरसमज समजून घेण्यासाठी बँकेतील जुन्या खतावणीचे उदाहरण उपयोगी पडते. खतावणीच्या आरंभी खातेदारांची सूची असे आणि प्रत्येक नावापुढे पान क्रमांक असे. सूचीतील नाव खोडले, तरी ते पान खतावणीत तसेच राहत असे. संगणकात फाइल काढून टाकली की बहुतेक वेळा सूचीतील नोंद तेवढी जाते. ती जागा मोकळी म्हणून दाखविली जाते, पण तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तेथेच असतो. घाईघाईने केलेल्या फॉरमॅटचीही हीच गत आहे. असा मजकूर परत मिळवून देणारी साधने सहज उपलब्ध आहेत. नव्या प्रकारच्या एसएसडीचे कार्य थोडे निराळे चालते, तरी निव्वळ डिलीटवर विसंबणे तेथेही शहाणपणाचे नाही.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलत या दोघा संशोधकांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या. नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. उरलेल्यांत वैद्यकीय माहिती, प्रेमपत्रे आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळाले. एक डिस्क तर चक्क एटीएम यंत्रातून आलेली होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही दाखला म्हणून दिला जातो.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. मॉर्गन स्टॅनली या अमेरिकी वित्तसंस्थेने आपले जुने सर्व्हर आणि हार्ड डिस्क निकालात काढण्याचे काम सामान हलविणाऱ्या एका कंपनीकडे सोपविले. माहिती नष्ट करण्याचा त्या कंपनीला अनुभव नव्हता. त्यातील काही सामग्री पुढे इंटरनेटवरील लिलावात विकली गेली आणि तिच्यात ग्राहकांची माहिती तशीच होती. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने या संस्थेला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा तो प्रश्न होता.

या प्रकरणातील एक व्यक्ती विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. ओक्लाहोमा राज्यातील एका संगणक सल्लागाराने लिलावातून काही डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यांत आपल्याला परक्यांची माहिती दिसत आहे, हे त्याच्या ध्यानात येताच २०१७ मध्ये त्याने संस्थेला स्वतःहून ईमेल पाठवून कळविले आणि एवढ्या मोठ्या संस्थेने अधिक काटेकोर असावयास हवे, असेही सुनावले. पुढे संस्थेने त्या डिस्क त्याच्याकडून परत विकत घेतल्या. डिस्कचा रीतसर मालक तोच होता आणि त्याने किंमत मोजली होती. तरीही आतील माहितीवर त्याने हक्क सांगितला नाही.

शास्त्रकारांनी पाहिलेला विसर

डोंबिवलीच्या त्या आजींचा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अचौर्य अणुव्रताचे स्वरूप सांगताना परद्रव्याच्या तीन अवस्था लक्षात घेतल्या आहेत: कोणी ठेवलेले, कोणाचे पडलेले आणि कोणी विसरलेले. जे दिलेले नाही, ते स्वतः घेऊ नये आणि उचलून दुसऱ्यालाही देऊ नये, असा त्यांचा आशय आहे. यातील दुसरा भाग आजच्या काळात फार महत्त्वाचा ठरतो. “मी काही घेतले नाही, मित्राला एक फोटो पाठविला एवढेच,” ही सबब त्यापुढे टिकत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार दिले आहेत, त्यांपैकी दोन या विषयाशी थेट जोडलेले आहेत. पहिला रहोभ्याख्यान, म्हणजे एकांतातील गोष्ट उघड करणे. दुसरा न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे. न्यासापहाराचा आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत केलेला खुलासा मननीय आहे. ठेव ठेवणारा आपण किती ठेवले होते ते विसरला आणि त्याने कमी मागितले; त्यावर ठेव सांभाळणाऱ्याने “होय, एवढेच होते” असे म्हणून उरलेले ठेवून घेतले, तर तो न्यासापहार होय. येथे कोणी तिजोरी फोडलेली नाही. दुसऱ्याच्या विस्मरणाचा लाभ घेतला, एवढाच दोष आहे. तो चोरीच्या प्रकरणात न घालता सत्याच्या प्रकरणात घातला आहे, हेही अर्थपूर्ण आहे. जो बोलावयास हवे तेथे बोलत नाही, तो असत्याचाच आधार घेतो.

जुना संगणक विकणारा नेमका या विस्मरणात सापडलेला असतो. आपण किती मागे ठेवून आलो, हे त्याला ठाऊक नसते. घेणाऱ्याला ते ठाऊक होते, आणि त्या क्षणापासून त्याची जबाबदारी सुरू होते.

ठेवीदार विसरला, म्हणून ठेव संपत नाही

बँकेच्या व्यवहारात हा विचार नियमांत उतरलेला दिसतो. दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. तरीही ठेवीदार किंवा त्याचे वारस पुढे केव्हाही आले, तरी आपल्या बँकेमार्फत ती मागू शकतात. विसरलेल्या ठेवी लोकांना शोधता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. विसर पडल्याने मालकी जात नाही, हे सूत्र त्यामागे आहे.

लॉकरचे उदाहरण याहून जवळचे आहे. लॉकर बँकेचा असतो, आतील वस्तू ग्राहकाच्या असतात. काही कारणाने लॉकर फोडण्याची वेळ आली, तर बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार यांच्यासमोर तो उघडावा, वस्तूंची यादी करावी आणि त्या मोहोरबंद करून मालक येईपर्यंत सुरक्षित ठेवाव्यात, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचना सांगतात. यादीपुरते पाहणे हे कर्तव्य आहे. त्यापलीकडे डोकावण्याचा अधिकार तेथे कोणालाच नाही. राष्ट्रीयीकृत बँकेतील प्रत्येक कर्मचाऱ्याला कामावर रुजू होताना निष्ठा आणि गोपनीयता यांचे प्रतिज्ञापत्र भरून द्यावे लागते. १९७० च्या कायद्याच्या तेराव्या कलमानेच ते बंधन घातले आहे. कोणाच्या खात्यात किती आहे, कोणाचे कर्ज थकले आहे, कोणाच्या मुलाने बापाच्या नावावरची ठेव मोडली, हे सारे डोळ्यांसमोरून जाते आणि ओठांवर येत नाही.

कायदा कोठवर सोबत करतो

या बाबतीत कायदा काही अंतरापर्यंत साथ देतो. भारतीय करार अधिनियम १८७२ मधील कलम ७१ नुसार दुसऱ्याची वस्तू सापडली आणि ती ताब्यात घेतली, तर सापडणाऱ्यावर निक्षेप घेणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. सामान्य समंजस माणूस आपल्या वस्तूची जितकी काळजी घेतो, तितकी त्याने घ्यावी, अशी अपेक्षा आहे. १८७२ मध्ये फाइल म्हणजे दोरीने बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. संगणकातील फाइलला हे कलम अक्षरशः लागू होते किंवा कसे, याचा काथ्याकूट वकील करतील. त्यामागील न्यायबुद्धी मात्र स्पष्ट आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मुख्यतः मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणाऱ्याला अडवितो. येथे संगणकाचा मालक घेणाराच असल्याने तो अडसर बराचसा गळून पडतो. पण आत सापडलेला दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला, तर कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एखाद्याचे अत्यंत खासगी छायाचित्र संमतीविना पसरविल्यास कलम ६६-ई आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले.

तरीही घरात, दार लावून, कोणालाही न सांगता एखाद्याने परक्या कुटुंबाची छायाचित्रे पाहिली, तर पोलीस येणार नाहीत. कायद्याचे बोट येथे सुटते. व्रताची कसोटी अशाच ठिकाणी लागते, कारण पाहणारा आणि जाब विचारणारा तेथे एकच असतो.

मग करावे काय?

पहिली गोष्ट म्हणजे थांबावे. पडद्यावर जे आपोआप दिसले, त्यात दोष नाही. रस्त्याने जाताना उघड्या खिडकीतून घर दिसते, तेव्हा सज्जन माणूस नजर वळवून पुढे जातो. खिडकीशी उभे राहणे ही निराळी गोष्ट आहे. आणि विकणाऱ्याने पुसलेल्या फाइली खास साधन वापरून परत आणणे म्हणजे तर लावलेले दार उघडणेच होय.

दुसरी गोष्ट, मालकाला कळवावे. त्यासाठी फाइली उघडण्याची बहुधा गरज पडत नाही. दुकानदाराकडे यंत्र कोणाकडून आले याची नोंद असते किंवा असावयास हवी. त्याच्यामार्फत निरोप द्यावा. दुकानदाराचा मार्ग खुंटला, तर लॉकरचा नियम लावावा: मालकाचे नाव कळण्यापुरते, घरातील दुसऱ्या मोठ्या माणसाच्या समक्ष पाहावे आणि तेथेच थांबावे.

येथे एक अडचण येते. “वाचले नाही, पाहिले नाही, सरळ सगळे पुसून टाकले,” असे करणारा माणूस निर्लोभ असतो. तो नेहमी बरोबर असतोच असे नाही. संगणकाचा मूळ मालक वारलेला असेल आणि मुलाने तो रिकामा समजून विकला असेल, तर त्या फोल्डरात वडिलांचे शेवटचे छायाचित्र किंवा विमा पॉलिसीची एकमेव प्रत असू शकते. ज्याला त्याचे मोल ठाऊक आहे, त्याला न विचारता पुसणे म्हणजे परक्याच्या वस्तूचा निकाल आपण लावणे होय. म्हणून आधी विचारावे, वाजवी मुदतीपर्यंत, उदाहरणार्थ महिनाभर, वाट पाहावी आणि त्या काळात संगणक शक्यतो वापरू नये, कारण नव्या कामाने जुना मजकूर झाकला जातो. महिनाभर मुलीचा अभ्यास खोळंबणे ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. ज्या घराला ते परवडत नाही, त्याने दुकानदाराकडून जुनी डिस्क काढून दुसरी बसवून घ्यावी. थोडा खर्च येतो, पण अभ्यासही चालतो आणि ठेवही सुरक्षित राहते.

तिसरी गोष्ट, परत देताना स्वतःपाशी प्रत ठेवू नये. मालकाने “पुसून टाका” म्हटले, तर पूर्णपणे पुसावे. त्यानंतर जे थोडेफार नजरेस पडले, त्याविषयी मौन पाळावे. “कल्याणच्या एका बाईंचे रिपोर्ट निघाले हो,” अशी नाव न घेता केलेली कुजबुजही रहोभ्याख्यानाच्या उंबरठ्यावर नेते. आपल्या वसाहतींत तीन खुणा सांगितल्या की चौथा माणूस ओळखतो.

या नियमाला एक गंभीर अपवाद आहे. एखाद्या बालकावरील अत्याचाराचा पुरावा नजरेस पडला, तर मौन हे पाप ठरते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळविले पाहिजे. तेथे काहीही पुसू नये, त्याची प्रत करू नये, कोणाला पाठवू नये. यंत्र बंद करून पोलीस ठाणे गाठावे. यंत्रच चोरीचे असल्याची खूण आढळली, तरीही पोलिसांकडेच जावे. चोरीचा माल घेणे हा अचौर्य व्रताचा तदाहृतादान नावाचा अतिचार आहे. मात्र या अपवादाच्या आडून शेजाऱ्याचा आयकर तपासण्याची हौस कोणी भागवू नये. संगणक घेणारा हा तपास अधिकारी नसतो.

चोपडीला जो मान, तो संगणकाला का नाही?

सारा भार घेणाऱ्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. आपल्या व्यापारी घरांत लक्ष्मीपूजनाला चोपड्यांची पूजा होते. जुन्या चोपड्या कोणी रद्दीवाल्याच्या तराजूत टाकीत नाही, कारण त्यांत घराची आणि गिऱ्हाइकांची अब्रू असते. तीच दहा वर्षांची चोपडी आज संगणकात असते आणि दिवाळीच्या सफाईत तो संगणक भंगारवाल्याच्या हाती सहज दिला जातो. लेखापालाचे कार्यालय, दवाखाना, पतपेढी किंवा शिकवणी वर्ग यांच्या यंत्रांत तर शेकडो लोकांचे पॅन, आधार, अहवाल आणि गुणपत्रिका असतात. ते लोक व्यवहारात कोठेच नसतात, आणि हानी मात्र त्यांची होते. टप्प्याटप्प्याने लागू होत असलेला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अशा माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकतो. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

उपाय कठीण नाहीत. हव्या त्या फाइलींची प्रत करून घ्यावी. ईमेल आणि इतर सर्व खात्यांतून बाहेर पडावे. विंडोजमधील ‘रीसेट धिस पीसी’ या सोयीत ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्यायही चालू करावा. त्याला काही तास लागले, तरी लागू द्यावेत. फार नाजूक माहिती असेल, तर हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि उरलेले यंत्र विकावे. बंद पडलेली डिस्क भंगारात देण्यापूर्वी कारागिराकडून ड्रिलने भोके पाडून घ्यावी. दुकानदारानेही घेतलेले प्रत्येक यंत्र पुसूनच पुढे द्यावे आणि तसे बिलावर लिहून द्यावे. गिऱ्हाइकांनी ते मागितले, तर दुकानदार ते देऊ लागतील.

डोंबिवलीच्या त्या घराकडे शेवटी वळावे. वडील दुसऱ्या दिवशी दुकानात जातात. बिलाच्या वहीत कल्याणचा एक क्रमांक मिळतो. रविवारी एक तरुण येतो. संगणक त्याच्या वडिलांचा होता; त्यांच्या पश्चात घर आवरताना त्याने तो विकून टाकला होता. मुलगी त्याला पडद्यासमोरची खुर्ची देते आणि सगळे बाहेरच्या खोलीत जाऊन बसतात. आजी चहा ठेवायला सांगते. तासाभराने तो बाहेर येतो आणि म्हणतो, “काका, आता सगळं पुसलंत तरी चालेल.”

“आत काय होतं हो?” असे धाकटा विचारू पाहतो. आजी त्याच्याकडे नुसते पाहते. तो प्रश्न तेथेच राहतो.